तीन एकर, पोर्तुगीज आणि तत्त्वज्ञान

गुरुजी, नमस्कार.

औशाहून तुम्ही विचारलंय: मुलीची बारावी लातुरात झाली, तिला ‘नीट’ द्यायची नाही, ऑक्सफर्डला पोर्तुगीज आणि तत्त्वज्ञान एकत्र शिकायचंय. ठेवी 18 लाखांच्या, निवृत्तीला तीन वर्षं. रस्त्याकडची तीन एकर विकावी का?

विकू नका. पोरीचं काही चुकलेलं नाही, हिशोबच बसत नाही. तो अभ्यासक्रम चार वर्षांचा, तिसरं वर्ष सहसा परदेशी भाषेच्या मुलखात. बाहेरच्या विद्यार्थ्याची नुसती फी वर्षाला 40 लाखांच्या वर, राहणं-खाणं वेगळं. तुमच्या अंदाजाने जमिनीचे 75 लाख आले तरी दुसऱ्या वर्षातच संपतील. मग पोरगी अर्ध्या वाटेवर आणि सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव.

कर्ज म्हणाल तर साडेसात लाखांच्या पुढे बँका सहसा तारण मागतात, आणि शेतजमीन तारण घ्यायला बहुतेक शाखा नाखूश असतात. घर नाहीतर ठेव लागते. 40 लाख, 10 टक्के, 15 वर्षं धरा: हप्ता जवळपास 43 हजार. तो तुमच्या पेन्शनमधून जाणार का? व्याजावर करात वजावट मिळते, पण फक्त जुन्या कररचनेत आणि आठच वर्षं. तेव्हा कर्जाकडे करबचत म्हणून बघू नका.

आता पोर्तुगीज. आपल्याकडे ‘हे शिकून काय करणार?’ हाच पहिला प्रश्न. पण लातूरच्या डाळ मिलवाल्याला विचारा. 2016 मध्ये भारताने मोझांबिकशी तूर आयातीचा करार केला, त्या देशाची राजभाषा पोर्तुगीज. सोयाबीनचा भाव बघताना आडतवाले ब्राझीलच्या पिकाचं नाव घेतात, तिथेही तीच. म्हणजे भाषेला गिऱ्हाईक आहे. नुसत्या तत्त्वज्ञानाच्या पदवीवर पगाराची हमी मी देणार नाही. दोन्ही मिळून वाचणारी, लिहिणारी, भाषांतर करणारी माणसं घडतात, पण पैसा उशिरा येतो. म्हणूनच कर्ज लहान हवं.

मी असं करीन. पुण्यात तत्त्वज्ञान घेऊन बी.ए., सोबत पोर्तुगीजचे वर्ग. लिस्बन विद्यापीठाच्या भाषा-परीक्षांतली बी-2 म्हणजे मध्यमाहून वरच्या पातळीची ‘डिप्ले’ ही परीक्षा हे तिचं लक्ष्य. पोर्तुगालमध्ये पदवीचं शिकवणं बहुतेक पोर्तुगीजमधूनच चालतं, म्हणजे भाषा आधी लागतेच. ती जमली तर एम.ए. गोवा विद्यापीठात, नाहीतर पोर्तुगालच्या कोइंब्रा विद्यापीठात. कोइंब्राच्या जेझुइट पंथाच्या ख्रिस्ती धर्मगुरूंनी 1592 पासून ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलवरची भाष्यं छापली, म्हणजे तत्त्वज्ञानाशी त्या गावाचं नातं चारशे वर्षांहून जुनं. (हे मी तिच्यासाठी लिहिलं, तुमच्यासाठी नाही.)

पुण्याच्या तीन वर्षांसाठी ठेवीतले सहा लाख बाजूला काढा. उरलेल्या 12 लाखांना हात लावू नका, ते तुम्हा दोघांच्या दवाखान्याचे. कोइंब्रा ठरलंच तर कर्ज तिच्या नावावर, तुम्ही सहकर्जदार.

तीन एकरात यंदा तूरच पेरा.