नोकरीवर परत जाताना आईचं दूध काढायचा पंप हाताचा घ्यावा की इलेक्ट्रिक?

ताई, बाळ पाच महिन्यांचं आहे आणि पुढच्या महिन्यापासून सांगलीहून इस्लामपूरला रोज जायचंय म्हणता, तर इलेक्ट्रिकच घ्या, तोही चार्जिंगचा. मी विश्रामबागेतून मिरजेला नोकरीला जायचे तेव्हा आधी हाताचा घेतला होता. स्वस्त, आवाज नाही, पर्समध्ये मावतो. पण रोज तीन वेळा दांडा दाबून आठवड्यात मनगट असं धरलं की बाळाला उचलताना कळ यायची. कधीमधी लग्नाला जायचं, रात्री दूध दाटलं तर थोडं मोकळं करायचं, एवढ्यासाठी तो छानच आहे.

दोन्ही बाजूंना एकदम लावायचा इलेक्ट्रिक असेल तर साधारण १५-२० मिनिटांत काम होतं.

किमतीच्या आधी फ्लँजचं, म्हणजे छातीला लावायच्या वाटीचं माप बघा. स्तनाग्र नळीत मोकळं पुढेमागे सरकलं पाहिजे. कडेला घासत असेल, किंवा भोवतीची काळी त्वचा बरीच आत ओढली जात असेल, तर माप चुकलंय. मला हे कळेपर्यंत चिरा पडल्या होत्या. आणि ओढ वाढवली की दूध जास्त येतं असं नाही. दुखायला लागलं की पान्हाच अडतो.

काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या हवेत ४ तास टिकतं, फ्रीजमध्ये ४ दिवस. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये बर्फाच्या पिशवीशिवाय एसटीत नेऊ नका.