एक्स-रे नॉर्मल म्हणून थांबू नका, आधी मणके मोजा

वडील जिन्यावरून पडले, मानेचा एक्स-रे नॉर्मल, मानेला पट्टा देऊन घरी पाठवलं पण हाताला मुंग्या येताहेत, हे तुमचं वाचलं आणि पोटात गोळाच आला. तीन वर्षांपूर्वी इंदूरला आमच्याकडे अगदी हेच झालं. मी डॉक्टर नाही हां, भोगलं तेवढंच सांगते.

आमचे हे बायपासवर स्कूटरवरून पडले. जवळच्याच एका नर्सिंग होमवाल्यांनी (नाव घेत नाही) एक्स-रे काढला, म्हणे नस आखडलीय, मऊ पट्टा लावा. पाच दिवस आम्ही पट्टा लावून बसलो, वर जाऊबाईंचं चालूच, पहलवानाकडे नेऊन मान बसवून आणा म्हणून! नेलं नाही हे नशीब. पाचव्या दिवशी हातातून चहाचा कप सुटला तेव्हा दुसरीकडे पळालो. तिथल्या सर्जननी तीच जुनी फिल्म खिडकीशी धरली आणि पेनाच्या टोकानी मोजायला लागले, एक, दोन... सहा. "सातवा कुठाय?" मानेत मणके ७, ह्यांचे खांदे भरदार, सातवा खांद्यांच्या सावलीत गेलेला आणि कुणी मोजलेच नव्हते. सीटी स्कॅन केला तर सहावा सातव्यावरून पुढे सरकलेला. संताप झाला नुसता!

मग गळ्याच्या पुढून ऑपरेशन. दोन मणक्यांमधली फाटलेली गादी काढली, कमरेच्या हाडाचा तुकडा बसवला, वर प्लेट आणि चार स्क्रू. मानेपेक्षा कमरच जास्त दुखली त्यांना. आवाज काही आठवडे बसलेला आणि गिळताना त्रास, पोहे चालायचे पण शेव नाही, इंदूरच्या माणसाला ही केवढी शिक्षा. तंबाखू मात्र आम्ही सक्तीने बंद केली, हाड जुळायला आडवी येते. मधल्या बोटाची बधिरता अजून आहे, वरच्या फळीवरचा डबा काढताना कोपर मध्येच वाकतं. ते पाच दिवस वाया गेले नसते तर, हे डोक्यातून जात नाही.

प्रत्येक फ्रॅक्चरला ऑपरेशन लागतंच असं नाही, काही कडक कॉलरमध्येही जुळतात, पण ते सीटी बघून ठरू दे. मज्जारज्जू दबलाय का ते एमआरआयमध्येच कळतं. अपघाताचा एमएलसी (मेडिको-लीगल केस, हॉस्पिटलची कायदेशीर नोंद) कागद आणि एक्स-रेची मूळ फिल्म जपून ठेवा, विम्याचे क्लेमवाले नंतर छळतात.

आणि उद्यावर ढकलू नका, आजच न्या. रिक्षात बसवून नाही, कडक कॉलर लावून, आडवं झोपवून अँब्युलन्सनी.