डावं पान, उजवं पान

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तत्त्वज्ञानातल्या पीएचडीचा विषय म्हणून तू ‘कलेचे स्वरूप’ लिहून पाठवलास. तो खोड. ॲरिस्टॉटलपासून सगळेच त्यात मावतात, म्हणून प्रबंध न होता सारांश होतो.

साताऱ्याहून औंधची एसटी पकड. तिथल्या संग्रहालयात राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत, ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं दगडी माय-लेकरू आहे आणि पाश्चात्त्य शिल्पांच्या प्रतिकृतीही. एका प्रतिकृतीसमोर तासभर थांब. वहीच्या डाव्या पानावर फक्त डोळ्यांना दिसेल ते: कडा, सावली, कुठे साच्याची शिवण राहिली असेल तर ती. उजव्या पानावर तुझे निर्णय: ‘डौलदार’, ‘निर्जीव’. मग प्रत्येक शब्दाला विचार, डावीकडचं काय बदललं तर हा गळेल? ‘नक्कल आहे हे कळलं, म्हणून निर्जीव’ असं निघालं तर प्रश्न हाती लागला. न दिसणारी माहिती सौंदर्यनिर्णयात धरायची का?

अमेरिकी तत्त्वज्ञ नेल्सन गुडमनने 1968 मध्ये म्हटलं, चित्राची हुबेहूब नक्कलही नक्कलच. सिंफनी मात्र स्वरलिपीबरहुकूम वाजवली की कुठेही अस्सल. आता मिरजेच्या मैफलीतला ख्याल घे. लिहून ठेवता येतात त्या अस्ताई-अंतऱ्याच्या चार ओळी. बाकी अर्धा तास विस्तारच. दोघांनी तीच बंदिश गायली, तर कृती एक की दोन? इथे गुडमनची चौकट कुरकुरते. पहिला लेख एवढ्यावरच लिही, पंधरा पानांत.

जर्मन तत्त्वज्ञ कांटचा सौंदर्यनिर्णयावरचा 1790 चा ग्रंथ, ‘क्रिटिक ऑफ जजमेंट’, रोज दोनच पानं वाच. प्रत्येक परिच्छेदाचं एक वाक्य कर आणि समोर लिही: दावा, कारण की उदाहरण. मराठी परिभाषेसाठी रा. भा. पाटणकरांची ‘सौंदर्यमीमांसा’ (1974) शेजारी असू दे. ‘रस’ आणि कांटचा सौंदर्यानुभव मात्र एकच धरू नकोस. रसविचार नाट्यातून आला. कांटला रानफूलही पुरतं. पुष्कळ प्रबंध इथेच घसरतात.

पोटापाण्याचं थोडक्यात. एम.ए.ला 55 टक्के हवेत. नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेत दुसऱ्या, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या पेपरला 100 प्रश्न, 200 गुण, आणि कलेला स्वतंत्र घटक नाही. तेव्हा तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र घोट. पीएचडीला किमान 3 वर्षं, त्यात कोर्सवर्क आलं. कायम पदं मोजकी. तासिका तत्त्वावर काही वर्षं जातील आणि वर्गात बहुधा नीतिशास्त्रच शिकवावं लागेल.

औंधहून आलीस की दोन्ही पानं पाठव. उजवीकडची खोडाखोड तशीच ठेव, तीच वाचायची आहे.