रेंज, पल्ला आणि टप्पा

प्रश्न : शाळकरी मुलांसाठी रोबोटिक्सची पुस्तिका मराठीत करतो आहे. छोट्या लिडार सेन्सरच्या माहितीत ‘रेंज १२ मीटर’ असं आहे. ‘रेंज’ तसाच ठेवला तर चालेल का? आणि लिडार म्हणावं की लायडार?

उत्तर : अजिबात ठेवू नका. त्या शब्दाचं मोबाइलने केव्हाच वाटोळं केलंय. आमच्याकडे केर काढणारा रोबो आहे. त्याच्या डोक्यावर एक डबी गरगरत असते, लेसरने अंतर मोजणारी, तोच लिडार. परवा तो काचेच्या दाराला धडकला. लेसरचा किरण काचेतून बराचसा आरपार जातो, त्यामुळे त्याच्या लेखी तिथे दार नव्हतंच. आई म्हणाली, “रेंज गेली वाटतं त्याची.” तुमची मुलंही हेच समजणार.

किरण जास्तीत जास्त कुठवर पोचतो, याला मराठीत ‘पल्ला’ म्हणतात. तोफेला पल्ला असतो, एसटी लांब पल्ल्याची असते. गाड्यांसाठी निघालेला वेलोडाइन कंपनीचा ‘पक’ हा लिडार ८३० ग्रॅमचा, पण पल्ला १०० मीटर. ‘परास’ सुचवणारे विद्वान भेटतील. पारिभाषिक याद्यांबाहेर कोणाच्या तोंडून तो मी ऐकलेला नाही. एकेका किरणाने मोजलेल्या आकड्यालाही इंग्रजीत रेंजच म्हणतात. तिथे सरळ ‘अंतर’ लिहा.

पण खरा शब्द आहे ‘टप्पा’. सावज टप्प्यात येतं, म्हणजे पल्ला आला. चेंडू टप्पा खातो, म्हणजे आपटून उसळणं आलं. लिडार याहून वेगळं काय करतो? प्रकाश फेकायचा, तो भिंतीवर टप्पा खाऊन परत आला की अंतर काढायचं. भिंत एक मीटरवर असेल तर जाऊन यायला सुमारे ६.७ नॅनोसेकंद लागतात. (स्वस्तातले बरेचसे लिडार वेळ मोजत नाहीत, परतलेल्या ठिपक्याचा कोन बघतात. टप्पा तिथेही चुकत नाही.)

माझ्या मते याचं मूळ ‘टप्’ या आवाजात आहे. टप् करून आपटणं, मग एका उडीत कापलेलं अंतर, मग वाटेतला मुक्काम. घोड्याची टाप याच घरातली. आणि टपालही! जासुदाने एका टप्प्यावर थैली दुसऱ्याच्या हाती द्यायची, ते टपाल. इतकं उघड असताना १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात टपालाचं मूळ अंधुक म्हटलंय. तेलुगू कोशकार ब्राउनसाहेबांनी तर फ्रेंच ‘एताप’शी (म्हणजे मुक्काम) सोयरीक सुचवली. भाषाभ्यासक बीम्स म्हणतात, पत्रावर ठसा मारायची जागा म्हणून टप्पा! अहो, ठसा मारायला कारकून बसण्याआधी थैली घेऊन कोणीतरी धावलंच असेल ना? रस्ता सोडून हे दोघेही कचेरीत आणि फ्रान्सात मूळ शोधत बसले. लिडारचंही टपालच आहे, फक्त उत्तर घेऊन जासूद स्वतःच परततो.

हं, लिडार की लायडार. इंग्रजीत लायडार. ‘लाइट’ आणि ‘रडार’ यांची मोट बांधून १९६० च्या दशकात तो शब्द झाला. ‘लाइट डिटेक्शन अँड रेंजिंग’ हा विस्तार मागाहून चिकटवलेला, तो मुलांकडून पाठ करून घेऊ नका. मराठीत लिडार रुळलाय, माझी हरकत नाही. ‘लायडार कॅमेरा’ मात्र लिहू नका. तो फोटो काढत नाही, अंतरं मोजतो. तुमचं वाक्य असं करा : ‘या लिडारचा पल्ला १२ मीटर आहे, त्या टप्प्यात आलेल्या वस्तूचं अंतर तो सांगतो.’