नव्या मुलाला बोलतं करायची घाई नको
इंग्लंडमधल्या शाळेत नव्यानेच रुजू झालात, म्हणून आधी हे सांगते. घरी दुसरी भाषा बोलणारं मूल सुरुवातीला काही महिने गप्प राहू शकतं. ते ऐकत असतं. सर्वांसमोर बोलायला लावू नका. चित्रावर बोट ठेवू दे, शेजाऱ्याशी कुजबुजू दे.

मैदानावरचं इंग्रजी साधारण २ वर्षांत येतं. विज्ञानाच्या धड्याचं यायला ५ ते ७ वर्षं लागतात, असं द्विभाषिक मुलांच्या शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांचं संशोधन सांगतं. त्यामुळे मूल पटापट बोलू लागलं की मदत काढून घेऊ नका, कृपा करून! केवळ इंग्रजी कमी येतं म्हणून त्याला विशेष शैक्षणिक गरजा असलेल्या मुलांच्या यादीतही घालायचं नाही. अशा गरजांबाबतच्या २०१५ च्या सरकारी संहितेत हे स्पष्ट आहे.

पालकांना मात्र घरची भाषा सोडू नका असं जरूर सांगा.