आकोसोंबोची वीज कोणाला मिळाली?

प्रश्न : घानाच्या आकोसोंबो धरणातून १९६५पासून वीज मिळते. तरी सामान्य माणसाच्या पदरात एवढे कमी का पडले?

उत्तर : खरी गोम करारात आहे. धरणासाठी जागतिक बँकेचे कर्ज हवे, तर विजेचे हमखास गिऱ्हाईक दाखवणे भाग होते. ते म्हणजे तेमा या बंदराच्या शहरातला, तेव्हा अमेरिकी मालकीचा असलेला ॲल्युमिनियम कारखाना, व्हाल्को. गरज घानाची, म्हणून अटी कंपनीच्या : युनिटला सुमारे पाव सेंट, तोही दीर्घ मुदतीसाठी बांधलेला. असे करार वाचताना दराच्या फेरतपासणीचे कलम आधी शोधावे. १९७३नंतर तेल कडाडले, तरी दर खऱ्या अर्थाने वाढला तो १९८५च्या फेरकरारात. शिवाय देशात बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचे खनिज, असूनही कारखाना ॲल्युमिना, म्हणजे ते शुद्ध करून मिळणारी भुकटी, बाहेरून आणी. मधल्या शुद्धीकरणाचा रोजगार घानाला मिळालाच नाही.

विस्थापितांवरचा अन्याय तर उघड आहे. सुमारे ८०,००० माणसे ५२ वसाहतींत हलवली. कुटुंबाला मिळाले काय? घराचा पाया, ॲल्युमिनियमचे छप्पर आणि एकच पुरी खोली. बाकीच्या भिंती ज्याच्या त्याने उभारायच्या. शेतजमीन वेळेत साफ झाली नाही, त्यामुळे सुरुवातीला अन्नमदतीवर दिवस काढावे लागले आणि अनेकांनी वसाहतच सोडली.