बडोद्यात घर घेताय? टोकन देण्याआधी हे पाहा

प्रश्न : बदलीमुळे पुण्याहून बडोद्याला आलो. कारेलीबागेत ६० लाखांचा जुना फ्लॅट पसंत पडला आहे. दस्त पत्नीच्या नावावर करायचा आहे. दलाल टोकनची घाई करतोय. पुण्यापेक्षा इथं वेगळं काय असतं?

उत्तर : सगळ्यात आधी हा पत्ता ‘अशांत धाऱ्यात’ येतो का, ते विचारा. १९९१ च्या या कायद्याखाली अधिसूचित भागात कलेक्टरच्या पूर्वपरवानगीशिवाय झालेली विक्री रद्दबातल ठरते. धर्म कोणताही असो, परवानगी लागतेच. शहराचे बरेच भाग यादीत आहेत आणि यादी बदलत राहते, म्हणून शेजाऱ्यांच्या सांगण्यावर न जाता कलेक्टर कचेरीत खात्री करा. परवानगीला वेळ लागतो, तेव्हा ‘आठ दिवसांत उरकू’ यावर विसंबू नका. बानाखतात, म्हणजे आपल्या साठेखतात, ‘परवानगी नाकारल्यास पूर्ण रक्कम परत’ हे कलम घालूनच घ्या.

पुण्यातलं भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे इथली ‘बीयू परमिशन’. ती नसेल तर बँक कर्जाला अडते. वाढीव बांधकाम इम्पॅक्ट फी भरून नियमित केलं असेल, तर नुसती पावती पुरत नाही, मंजुरीचा आदेश मागा.

खर्च : मुद्रांक शुल्क ४.९ टक्के, म्हणजे २,९४,००० रुपये. नोंदणी फी १ टक्का, ६०,०००. महाराष्ट्रासारखी ३०,००० ची मर्यादा इथं नाही. जंत्रीची (म्हणजे आपल्या रेडी रेकनरची) किंमत जास्त निघाली तर आकारणी तिच्यावर होते. दस्त फक्त पत्नीच्या नावावर असेल तर नोंदणी फी माफ होते. सोबत तुमचं नाव घातलंत की सवलत गेली. कर्जात सहकर्जदार झालात तरी दस्तात मालक म्हणून येऊ नका.

विक्रेता परदेशी राहतो का, हेही विचाराच. बडोद्यात अशी घरं पुष्कळ. भारतातल्या विक्रेत्याचा १ टक्का टीडीएस कापायचा असतो, अनिवासी विक्रेत्याचा मात्र बराच जास्त. कमी कापला तर वसुली तुमच्याकडून होते, म्हणून हा हिशेब सीएकडूनच करून घ्या.

आणि विश्वामित्री नदी! काळा घोडा पुलाशी धोक्याची पातळी २६ फूट आहे. जुलै २०१९ आणि ऑगस्ट २०२४ या दोन्ही पुरांत पाणी कुठवर आलं होतं, ते तळमजल्यावरच्या रहिवाशांना विचारा. वीजमीटर, लिफ्टची मोटर आणि पाण्याचा पंप त्या खुणेच्या वर आहेत का, ते स्वतः बघा. घर चौथ्या मजल्यावर असलं तरी मीटर बुडाले की अंधार आणि पाणीटंचाई सगळ्यांनाच.

प्रश्न : भायलीकडे नवी स्कीम बघतोय. काय तपासू?

उत्तर : गुजरेरा (गुजरातचं रेरा) नोंदणी, एनए (बिगरशेती) आदेश, टीपी (नगररचना) योजनेतला अंतिम प्लॉट क्रमांक आणि जमीन ‘जुनी शरत’ (विक्रीला मोकळी) आहे की ‘नवी शरत’ (अटींनी बांधलेली). नवी असेल तर सरकारी परवानगी आणि प्रीमियम भरल्याचा कागद पाहा. दर ‘सुपर बिल्टअप’वर (जिना-लॉबीचा वाटा धरून) सांगतात, तुम्ही एकूण किंमत रेराच्या कार्पेट (घराच्या आतल्या) क्षेत्रफळाने भागून बघा.